सूर्यमालेची फिरती प्रतिकृती करताना या चुका टाळा

मधोमध दिवा आणि भोवती फिरणारे ग्रह, अशी सूर्यमालेची प्रतिकृती शाळांच्या विज्ञान प्रदर्शनात हमखास असते. ती व्यवस्थित फिरते, पण तिच्या आधारे ऋतू समजावून सांगायला घेतले की स्पष्टीकरण फसते, आणि दोष बहुधा विद्यार्थ्याच्या अभ्यासात नसून प्रतिकृतीच्या जोडणीत असतो.

सर्वांत महाग पडणारी चूक पृथ्वीच्या आसाची आहे. आस सुमारे 23.5 अंशांनी कललेला दाखवायचा, हे सर्वांना ठाऊक असते. परंतु पृथ्वीचा चेंडू आडव्या दांडीवर घट्ट बसवला की दांडीबरोबर आसही वळत जातो, आणि सुरुवातीला उत्तर ध्रुव दिव्याकडे झुकलेला असेल तर तो वर्षभर तसाच राहतो. अशा पृथ्वीच्या उत्तर गोलार्धात उन्हाळा कधी संपणारच नाही. प्रत्यक्षात आसाचे उत्तर टोक वर्षभर ध्रुवताऱ्याच्याच रोखाने असते. म्हणूनच 21 जूनच्या सुमारास उत्तर गोलार्ध सूर्याकडे कललेला असतो आणि 22 डिसेंबरच्या सुमारास सूर्यापासून दूर. यावर उपाय असा, की मधल्या न फिरणाऱ्या खुंटीवर आणि पृथ्वीच्या बैठकीखाली सारख्याच व्यासाच्या कप्प्या बसवून त्यांवर पीळ न देता एकच पट्टा चढवावा, म्हणजे आसाची दिशा आपोआप टिकते. जोडणी जमली की नाही, हे पाहण्यासाठी चेंडूवर पुण्याच्या जागी ठिपका द्यावा आणि एका प्रदक्षिणेत मध्यान्हीचा प्रकाश त्यावर दोनदा लंबरूप पडतो का, ते तपासावे. पुण्यात मेच्या मध्याला आणि जुलैअखेरीस शून्य सावली दिवस येतो, तो याच कारणाने.

कक्षा लांबट अंड्यासारखी काढणे ही दुसरी चूक. तक्त्यावरची आकृती तिरकस कोनातून काढलेली असते, हे सहसा कोणी सांगत नाही. पृथ्वीची कक्षा 30 सेंटिमीटर रुंद काढली, तर तिची लांबी आणि रुंदी यांतील फरक पेन्सिलीच्या रेघेहूनही कमी भरतो. तेव्हा सरळ वर्तुळ काढावे आणि सूर्य केंद्रापासून अडीच मिलिमीटर बाजूला ठेवावा. पृथ्वी जानेवारीच्या सुरुवातीला सूर्यापासून 14.7 कोटी किलोमीटरवर, तर जुलैच्या सुरुवातीला 15.2 कोटी किलोमीटरवर असते. अंतरामुळे ऋतू होत असते, तर काश्मीरमध्ये जुलैत बर्फ पडले असते.

एक परिवलन म्हणजे एक दिवस, हे समीकरणही तपासून घ्यावे. पृथ्वी स्वतःभोवती 23 तास 56 मिनिटांत फिरते, पण तेवढ्या वेळात ती कक्षेत पुढे सरकलेली असल्याने सूर्य पुन्हा डोक्यावर यायला आणखी सुमारे चार मिनिटे लागतात, आणि 365 दिवसांत तिची 366 परिवलने होतात. बुधाच्या बाबतीत हा फरक डोळ्यांत भरण्याइतका मोठा आहे: त्याचे परिवलन सुमारे 59 दिवसांचे आणि परिभ्रमण 88 दिवसांचे असले, तरी तिथल्या एका सूर्योदयापासून दुसऱ्या सूर्योदयापर्यंत 176 दिवस जातात.

एकाच मोटरवर सगळे ग्रह एका दिशेने गिरक्या घेताना दाखवणे सोयीचे असते, पण ते शुक्राला लागू पडत नाही. उत्तरेकडून पाहता सर्व ग्रह सूर्याभोवती घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने जातात. शुक्र मात्र स्वतःभोवती काट्यांच्याच दिशेने, 243 दिवसांत एकदा फिरतो, तर युरेनसचा आस जवळजवळ कक्षेच्या पातळीतच आडवा आहे. या गिरक्या सूर्याच्या गुरुत्वाकर्षणामुळे चालू राहतात, असेही फलकावर लिहू नये. गुरुत्वाकर्षण ग्रहाला कक्षेत धरून ठेवते. स्वतःभोवतीची गती त्याला जन्मापासूनच मिळालेली असते आणि ती टिकवण्यासाठी कुणी ढकलत राहावे लागत नाही.

उरला मधला दिवा. सूर्य स्थिर नाही, तोही स्वतःभोवती फिरतो. आणि तो घन गोळा नसल्याने त्याच्या विषुववृत्ताला एका फेरीस सुमारे 25 दिवस लागतात, तर ध्रुवांजवळ सुमारे 35. बल्ब फिरवून दाखवणे अवघड असेल, तर निदान त्याच्या चिठ्ठीवर ‘स्थिर’ हा शब्द लिहू नये.