कार्डाचं खातं घरच्या वहीत कसं ठेवायचं

कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात गुळाच्या अडतीवर मी हिशेब लिहिते. अडतीत एक रीत पक्की असते: माल उधारीवर आला की त्याच दिवशी पार्टीच्या खात्यावर रक्कम जमा पडते. पैसे कधी द्यायचे, ही पुढची गोष्ट. घरच्या क्रेडिट कार्डालाही हीच रीत लावा, असं माझं ठाम म्हणणं आहे. बऱ्याच घरांत उलटं चालतं. बिल आलं की "कार्डाचे ९,४००" अशी एक ओळ पडते, आणि त्यात किराणा किती, औषधं किती, पोरांचे कपडे किती, काही कळत नाही.

तेव्हा वहीत कार्डाच्या नावानं वेगळं पान काढा. लक्ष्मीपुरीतून १,८५० चा किराणा कार्डावर आणला, तर त्याच संध्याकाळी तो किराण्याच्या सदरात खर्च म्हणून लिहायचा आणि कार्डाच्या पानावर देणं म्हणून. पुढं बिल भराल तेव्हा ते परत खर्चात धरायचं नाही. बँकेतली शिल्लक कमी झाली, कार्डाचं देणं फिटलं, एवढंच. इथं दुबार लिहिलं तर अख्खा महिना चुकतो.

नुसतं लिहून भागत नाही, पैसेही बाजूला पडले पाहिजेत. आमच्याकडे दर रविवारी कार्डाच्या पानावरच्या त्या आठवड्याच्या ओळींची बेरीज होते, आणि तेवढी रक्कम पगाराच्या खात्यातून दुसऱ्या एका बचत खात्यात जाते. त्या खात्याला यूपीआय जोडलेलं नाही, मुद्दामच. बिल तिथूनच भरतो. पगाराच्या खात्यात उरलेली शिल्लक मग खरी असते. हे एवढं केलं तरी निम्मी काळजी मिटते.

तारखा समजून घ्या. समजा बिल दर महिन्याच्या १८ ला निघतं आणि भरायची मुदत पुढच्या ७ तारखेची आहे. १७ जूनला घेतलेल्या वस्तूचे पैसे ७ जुलैला द्यायचे, पण १९ जूनला घेतलेल्या वस्तूचे ७ ऑगस्टला. म्हणून कार्डाच्या पानावर १८ तारखेला आडवी रेघ मारा आणि रेघेखाली नवं बिल सुरू करा. मुदत पगाराच्या आधी पडत असेल, तर बिलाची तारीख बदलून मागा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं ही सोय किमान एकदा मिळतेच.

हल्ली रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येतं. चहा-भजीचे ४०, झेरॉक्सचे १२, सगळं स्कॅन करून कार्डावरच. हे बारके खर्च लिहायचे राहतात, म्हणून मी ते कार्डावर येऊच देत नाही. कार्ड फक्त किराणा, पेट्रोल आणि वीजबिलाला. बाकीचं रोख.

बिलावर "किमान देय" म्हणून छोटा आकडा असतो, साधारण पाच टक्क्यांच्या आसपास. त्याच्याकडे बघूच नका. तेवढंच भरलं की उरलेल्यावर महिन्याला साधारण तीन ते पावणेचार टक्के, म्हणजे वर्षाला ३६ ते ४५ टक्के व्याज लागतं, त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी. शिवाय नव्या खरेदीलाही बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. ऑटो-पे लावलं असेल तर ते पूर्ण रकमेचं आहे ना, हे आजच तपासा. आणि कार्डावर एटीएममधून रोकड काढू नका; तिथं व्याज पहिल्या दिवसापासून चालू होतं.

हप्त्यावर वस्तू घेतली, समजा १८,००० चा फ्रिज सहा बिनव्याजी हप्त्यांत, तर पुढच्या सहाही महिन्यांच्या पानांवर ३,००० आधीच लिहून ठेवा. प्रक्रिया शुल्क आणि त्यावरचा जीएसटी पहिल्याच बिलात येतो, तोही धरा.

बिल आलं की पेन्सिल घेऊन बसा. वहीतली एकेक ओळ बिलाशी जुळवून खूण करायची. परत केलेल्या वस्तूचे पैसे आले का, पेट्रोलवरचा अधिभार माफ झाला का, हेही तेव्हाच बघायचं. वहीत नसलेली ओळ बिलात दिसली तर आधी घरात विचारा. कुणाचीच नसेल तर त्याच दिवशी बँकेला कळवा आणि तक्रारीचा क्रमांक त्या ओळीशेजारी लिहून ठेवा.