कामाच्या ठिकाणचा वाद मध्यस्थीने कसा सोडवावा

कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीतील एखाद्या फाउंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, दोन विभागांचे बिनसले, की बहुधा मालक किंवा वयाने मोठा असलेला कोणीतरी दोघांना केबिनमध्ये बोलावतो, चार शब्द सुनावतो आणि हात मिळवायला लावतो. वाद त्या दिवसापुरता थांबतो, पण त्याचे कारण जागच्या जागी राहते. मध्यस्थीत मध्यस्थ निर्णय देत नाही. ज्यांचा वाद आहे त्यांनीच तो घ्यायचा असतो. एवढा एक फरक सांभाळला नाही, तर पुढची सगळी पद्धत निरुपयोगी ठरते.

सर्वप्रथम वाद मध्यस्थीचा आहे का, हे पाहावे. थकलेला पगार किंवा भविष्य निर्वाह निधीची न भरलेली रक्कम हा देवाणघेवाणीचा विषय नव्हे. ती देणी द्यायचीच असतात. लैंगिक छळाच्या तक्रारीत तर व्यवस्थापकाने परस्पर सलोखा घडवायला जाऊच नये. २०१३ च्या कायद्यानुसार तक्रारदार महिलेने स्वतः विनंती केली तरच, तेही चौकशी सुरू होण्यापूर्वी, अशा तक्रारींची चौकशी करणाऱ्या समितीला समेटाचा प्रयत्न करता येतो आणि पैशांची तडजोड त्या समेटाचा आधार होऊ शकत नाही. याउलट कामाची वाटणी, पाळीचा बदल, बोलण्याची पद्धत, सामाईक यंत्राचा वापर अशा बाबतींत मध्यस्थी उत्तम चालते.

मध्यस्थ निवडताना हुद्द्यापेक्षा त्याचे हितसंबंध तपासावेत. दोघांपैकी कोणाचीही पगारवाढ ज्याच्या शिफारशीवर अवलंबून आहे, तो माणूस या कामाला चालत नाही. आपल्याकडे आणखी एक अडचण असते. करवीर, हातकणंगले, कागल तालुक्यांतील गावांतून एकाच भावकीतले लोक एकाच कारखान्यात येतात आणि गावातला बांधाचा तंटा त्यांच्याबरोबर कारखान्यात येतो. म्हणून मध्यस्थाचे नाव दोघांना आधी सांगून त्यांची स्पष्ट संमती घ्यावी.

एकत्र बसण्यापूर्वी प्रत्येकाला स्वतंत्रपणे भेटणे हा माझ्या मते या कामातील सर्वांत मोलाचा भाग आहे, आणि घाईत नेमका तोच गाळला जातो. वीस वर्षे साचे भरणारा कामगार, ज्याला सगळे ‘मामा’ म्हणतात, तो नव्या इंजिनिअरसमोर आपले दुखणे सांगणार नाही. एकट्याने बसल्यावर मात्र सांगेल. येथे ऐकलेले परवानगीशिवाय दुसऱ्याला सांगणार नाही, अशी हमी द्यावी. मात्र कोणाच्या जिवाला धोका असेल तर गप्प राहता येणार नाही, हेही त्याच वेळी सांगावे.

समजा, मोल्डिंगचा, म्हणजे साचे भरणाऱ्या विभागाचा सुपरवायझर म्हणतो, ‘साहेब, फेटलिंगचा तो माणूस इथून हलवा.’ (फेटलिंग म्हणजे ओतलेला माल घासून साफ करणारा विभाग.) ही मागणी झाली; तिच्यामागची गरज वेगळी असू शकते. अशा वेळी ‘तुमचे भांडण कशावरून?’ असे मोघम विचारण्याऐवजी ‘गेल्या आठवड्यात परत आलेला माल कोणाच्या नावावर लागला, आणि ती नोंद कोणी केली?’ असे विचारावे. मग कळते, की घासताना तुटलेले नगही मोल्डिंगच्याच रिजेक्शनमध्ये धरले जातात आणि त्यामुळे त्यांचा इन्सेंटिव्ह कापला जातो. वाद माणसाचा नसून नोंदवहीचा आहे, हे एकत्र बैठकीत त्या दोघांच्याच तोंडून येऊ द्यावे, मध्यस्थाने सांगू नये.

एकत्र बैठक मालकाच्या केबिनमध्ये किंवा शॉपफ्लोअरवर सर्वांदेखत घेऊ नये. प्रत्येकाने न अडवता बोलावे आणि दुसऱ्याने बोलण्यापूर्वी ऐकलेले आपल्या शब्दांत सांगावे. ‘साहेब, तुम्हीच काय ते ठरवा’ असे कोणी म्हणालेच, तर प्रश्न परत त्याच्याकडे वळवावा. कोल्हापुरात हे वाक्य हमखास येते.

ठरलेले कागदावर आणावे, आणि ‘यापुढे सहकार्य करू’ असली वाक्ये त्यात नसावीत. उदाहरणार्थ, ‘माल फेटलिंगला देताना दोन्ही विभागांचा एकेक माणूस तो पाहील, सदोष नग खडूने खूण करून बाजूला काढील आणि वहीवर दोघे सह्या करतील.’ आतील ब्लोहोलसारखे (वायूमुळे राहिलेल्या पोकळ्यांसारखे) दोष मशिनिंगनंतरच उघड होतात. त्यांची नोंद कोणाकडे जाईल, हेही त्याच कागदात लिहावे, अन्यथा पुढचा वाद तेथूनच सुरू होतो.

साधारण महिन्याभराने पुन्हा बसण्याची तारीख त्याच दिवशी ठरवावी आणि त्या बैठकीत वही समोर ठेवावी. सह्या होत नसतील, तर संपूर्ण वाद नव्याने न उघडता कोणत्या पाळीत आणि कशामुळे होत नाहीत, एवढ्याच मुद्द्यावर बोलावे.