फुटका माल आला? मग या चुका तरी करू नका

आमच्याकडे कुणाचंही ऑनलाइन पार्सल फुटकं निघालं की फोन मला येतो. मी विचारतो खोका कुठंय, उत्तर ठरलेलं, भंगारात दिला. अरे, पिकअप होईपर्यंत खोका, थर्माकोल, वायरी बांधायची ती रबरं, सगळं ठेवा.

सगळ्यात महागात पडते ती चूक म्हणजे खोका न उघडता ठेवणं. मावशीने दिवाळी सेलमध्ये ४३ इंची टीव्ही घेतला, आला पाडव्याच्या आठ दिवस आधी. साडेतीन मुहूर्तांतला दिवस आहे, तेव्हाच लावायचा म्हणून खोका हळदकुंकू लावून भिंतीला टेकवून ठेवला. पाडव्याला उघडला तर डाव्या कोपऱ्यातून कोळ्याच्या जाळ्यासारखी भेग गेलेली, आणि रिटर्नची सात दिवसांची मुदत आदल्याच दिवशी संपलेली. मावशी म्हणे वर्षाची वॉरंटी आहे की! वॉरंटी आतल्या बिघाडाला, फुटलेल्या पॅनलला नाही, कार्डावर बारीक अक्षरात असतं ते. त्यात टेक्निशियन आला आणि जॉबशीटवर 'फिजिकल डॅमेज' एवढंच लिहून मावशीची सही घेऊन गेला, म्हणजे कागदोपत्री टीव्ही मावशीनेच फोडला. 'खोका उघडतानाच फुटलेला' हे त्याच्याकडून लिहून घ्यायचं, नाही लिहिलं तर सहीशेजारी आपण लिहायचं.

वाचवलं ते मावसभावाच्या हौसेने. टीव्ही आला त्या दिवशी दारातच फोटो काढून त्याने फॅमिली ग्रुपवर टाकला होता, त्यात खोक्याचा डावा कोपरा चेपलेला स्वच्छ दिसत होता, आणि मूळ फोटो गॅलरीत तारीखवेळेसकट शाबूत. तो जोडून मी साइटच्या तक्रार अधिकाऱ्याला मेल केली. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात तक्रार निकाली काढायची असते. पोच आली, उत्तर मात्र 'मुदत संपली'. मग १९१५, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, तिथे सगळं परत अपलोड केलं आणि पंधराएक दिवसांत पैसे आले. दरवेळी असं नशीब नसतं हां.

माझी स्वतःची सवय: लेबलपासून सुरुवात, खोक्याच्या सहाही बाजू, मग टेप कापण्यापासून वस्तू चालू करेपर्यंत एकच व्हिडिओ, मध्ये थांबवायचा नाही. बायको हसते, हसू दे.

दुसरी चीड आणणारी गोष्ट म्हणजे शॉर्टकटवाले. भाच्याचा मिक्सर आला तो भांड्याला तडा घेऊन. ॲपमध्ये 'डॅमेज' निवडलं की फोटो मागतात, म्हणून साहेबांनी 'आता गरज नाही' असं कारण टाकलं, लवकर होईल म्हणे. झालं लवकर! पिकअपवाल्याने तडा बघितला, वापरलेला माल म्हणून रिटर्न नाकारला, आणि आता खरं सांगायला गेलं तर त्याचंच आधीचं कारण त्याच्यावर उलटलं. दोन फोटो काढायला दोन मिनिटं लागतात रे बाबा.

ओपन बॉक्स डिलिव्हरी, म्हणजे दारातच खोका उघडून दाखवणारी, असेल तर वस्तू बघितल्याशिवाय ओटीपी देऊ नका, डिलिव्हरी बॉय कितीही घाई करू दे. कस्टमर केअरचा नंबर गुगलवर शोधू नका, ॲपमधूनच घ्या, भलताच माणूस स्क्रीन शेअर करायला लावून खातं रिकामं करतो. फोनवर 'होऊन जाईल सर' म्हणाले की लगेच चॅटवर तेच लिहून घ्या आणि स्क्रीनशॉट मारा.

एवढं करूनही दाद दिली नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. वस्तूची दिलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकील लागतोच असं नाही, आणि तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, विक्रेता दिल्लीचा का असेना. दोन वर्षांची मुदत आहे. मात्र तोवर फुटकी वस्तू माळ्यावर जपून ठेवा, आमच्या मावशीसारखं काढून टाकायला निघू नका.