उन्हाळी तोडणी : पहिला सेन्सर क्रेटमध्ये, गाडीतला नंतर

उन्हाचा कडाका वाढला की फळे आणि भाजीपाल्याची नासाडीही वाढते. माल मुक्कामाला पोहोचतो तो मऊ पडलेला, आणि मग वाद सुरू होतो. शेतकरी म्हणतो, गाडीवाल्याने वाटेत मशीन बंद ठेवले. गाडीवाला म्हणतो, माल चढवतानाच गरम होता. खरेदीदार दोघांच्याही नावाने खडे फोडतो. नोंद मात्र कोणाकडेच नसते. तापमान नोंदवणारे सेन्सर हा वाद मिटवू शकतात, पण बहुतेक जण ते फक्त गाडीत लावतात. आमचा सल्ला उलटा आहे. या हंगामात एकच सेन्सर घेणे जमत असेल, तर तो शेतातल्या क्रेटमध्ये ठेवा.

कारण साधे आहे. तोडलेल्या फळाचे श्वसन चालूच असते आणि तापमान 10 अंश सेल्सिअसने वाढले की त्याचा वेग साधारण दोन ते तीन पट होतो. म्हणजे 15 अंशांच्या तुलनेत 35 अंशांना तो चार ते नऊ पट. बांधावर उन्हात राहिलेल्या क्रेटने गाडी येण्याआधीच आपले निम्मे आयुष्य खर्च केलेले असू शकते. त्यात रीफर गाडीचे, म्हणजे शीतयंत्र बसवलेल्या मालगाडीचे, यंत्र असते ते गार माल गार ठेवण्यासाठी. गरम माल थंड करण्याइतकी ताकद त्यात नसते. भिंतीवरचा सेन्सर हवेचे तापमान दाखवतो, आलेख सरळ रेषेत दिसतो, आणि मधल्या क्रेटमधले फळ आतून तसेच तापलेले असते.

म्हणून प्रोब, म्हणजे सेन्सरची टोकदार सळई, गरात खुपसा. पहिला क्रेट भरला की एका फळात प्रोब घालून ते क्रेटच्या मधोमध ठेवा आणि नोंद दर 5 मिनिटांनी होऊ द्या. दोन-तीन दिवसांच्या नोंदी शेजारी ठेवल्या की कळते, सकाळी किती वाजेपर्यंतची तोडणी परवडते आणि भरलेले क्रेट सावलीत किती वेळ थांबतात. तोडणी तासभर अलीकडे आणणे किंवा क्रेटवर सावली करणे, एवढ्यावरही बरेच काही साधते.

पुढचा टप्पा प्रीकूलिंगचा, म्हणजे गाडीत भरण्याआधी माल थंड हवेने गार करण्याचा, आणि सेन्सरचा खरा उपयोग इथे आहे. फळाचा गर आणि थंड हवा यांच्या तापमानातला फरक निम्मा व्हायला जो वेळ लागतो, तो एकदा नीट मोजून ठेवा. समजा द्राक्षाचा गर 34 अंशांवर आहे आणि हवा 2 अंशांवर. फरक 32. तो निम्मा झाला की गर 18 वर येतो, तेवढाच वेळ आणखी गेला की 10 वर, आणि तिसऱ्यांदा 6 वर. या तीन फेऱ्यांत आठापैकी सात हिस्से उष्णता निघून जाते. एका फेरीला दोन तास लागत असतील तर माल सहा तासांनी गाडीजोगा होणार, हे आधीच सांगता येते. मग गाडी त्या हिशेबाने बोलवा. ‘गाडी आली आहे, भरा लवकर’ या घाईत अर्धवट थंड झालेला माल चढतो आणि पुढच्या सगळ्या यंत्रणेवर पाणी फिरते. पेट्या त्याच असूनही दोन तासांची फेरी तीन तासांवर गेली, तर पंखे तपासा, पेट्यांची भोके रचताना बुजलीत का ते पाहा.

गाडीत दोन सेन्सर पुरतात: एक थप्पीच्या मधोमध, दुसरा दाराजवळ. दार उघडले की पहिला फटका तिथे बसतो. धातूच्या बंद डब्यातून मोबाइलचा सिग्नल नीट बाहेर पडत नाही, म्हणून नोंदी स्वतःजवळ साठवून रेंज येताच पाठवणारेच उपकरण घ्या.

अलर्टची मर्यादा पिकानुसार ठरवा. द्राक्षाला शून्याच्या आसपासचे तापमान मानवते. केळीला 13 अंशांखाली थंडीची इजा होते, साल काळवंडते. हिरवट टोमॅटोचेही साधारण तसेच. तेव्हा ‘जितके गार तितके चांगले’ हे डोक्यातून काढा आणि अलर्ट वरच्या मर्यादेइतकाच खालच्या मर्यादेलाही लावा. शीतयंत्र मधूनमधून स्वतःवरचा बर्फ वितळवते, तेव्हा तापमान थोडा वेळ चढतेच. त्या प्रत्येक चढाला फोन वाजू लागला की माणूस आवाज बंद करून झोपतो. मर्यादा सलग अर्धा तास ओलांडली तरच अलर्ट यावा. आणि रात्री दोन वाजता तो कोणाच्या फोनवर येणार, त्याने कोणाला उठवायचे, हे गाडी निघण्याआधी ठरलेले असावे.

सेन्सर खरे सांगतो का, हे घरी तपासता येते. ठेचलेला बर्फ भांड्यात गच्च भरा, फटी भरतील इतके पाणी घाला, प्रोब मधोमध धरून ढवळा. काही मिनिटांत आकडा शून्यावर स्थिरावला पाहिजे. अर्ध्या अंशापेक्षा जास्त फरक राहिला तर तो सेन्सर वापरू नका.

प्रत्येक नोंदीला लॉट क्रमांक जोडा: कोणता प्लॉट, तोडणी किती वाजता, प्रीकूलिंगमध्ये कधी गेला. क्रेटवर क्यूआर कोड लावला तर उत्तमच, नाहीतर खडूने लिहिले तरी चालेल. एकाच गाडीतले दोन लॉट दिसायला सारखे असतात, पण ज्याने उन्हात जास्त वेळ काढला तो जवळच्या बाजारात आणि आधी गेला पाहिजे. ‘जो आधी आला तो आधी जाईल’ हा जुना नियम इथे नुकसान करतो.

साठवलेल्या धान्याबद्दल थोडेसेच. धान्यातून उष्णता फार हळू पसरते. सेन्सरपासून मीटरभर अंतरावर ढीग तापत असला तरी त्याला पत्ता नसतो. एकावर विसंबू नका. बंद कोठारात कार्बन डायऑक्साइड मोजणारा सेन्सर बिघाडाची चाहूल बहुधा तापमानाआधी देतो, आणि पावसाळ्याच्या तोंडावर हे महत्त्वाचे ठरते.

वाहतूकदाराशी आणि खरेदीदाराशी बोली करताना मूळ नोंदींची फाइल मागा, सरासरीवर समाधान मानू नका. गाडी 20 तास 2 अंशांवर आणि 4 तास 14 अंशांवर राहिली, तरी सरासरी 4 अंशच येते आणि कागदावर सगळे आलबेल दिसते. माल ताब्यात देताना गराचे तापमान दोघांसमोर मोजून दोघांच्या सह्या घ्या. तुमचे सेन्सर मालाबरोबर जाणार असतील तर त्यांचे क्रमांक चलनावर लिहा आणि ते परत कोणी, किती दिवसांत पाठवायचे तेही तिथेच नमूद करा. रिकाम्या क्रेटबरोबर ते हमखास हरवतात.