फोटो स्टुडिओत व्हिडिओ सुरू करताय? आधी माईक घ्या

सुरुवात लग्नाच्या मोठ्या ऑर्डरपासून करू नका. साक्षगंधाचे किंवा आजी-आजोबांचे फोटो काढायला कुटुंब आलं, की त्यातच दोन मिनिटांचं बोलणं रेकॉर्ड करून द्या. दर मात्र वेगळा सांगा, फोटोच्या पॅकेजमध्ये फुकट घालू नका.

कॅमेरा आहे तोच चालतो. पैसा आधी कॉलर माईकवर घाला. चित्र थोडं कमी-जास्त असलं तरी चालून जातं, पण आजीचा आवाज कूलरच्या घरघरीत बुडाला तर तो व्हिडिओ घरचे पुन्हा लावत नाहीत. मे महिन्यात आपल्याकडे कूलर बंद करणं जिवावर येतं, तरी तेवढा वेळ तो बंदच हवा. म्हणून उन्हाळ्यात लोकांना सकाळी लवकर बोलवा.

व्हिडिओला फ्लॅशचा उपयोग नाही, सतत चालू राहणारा एलईडी लाइट लागतो. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० सेकंद ठेवलं की ट्यूबलाइटखाली चित्र सहसा लुकलुकत नाही. भर उन्हात शेतात शूट करताना हेच शटर ठेवायचं तर एनडी फिल्टर, म्हणजे उजेड कमी करणारी गडद काच, लेन्सवर लावा. एलईडी मात्र बॅटरीवर चालणाराच घ्या, गावात लाइन कधी जाईल याचा नेम नसतो.