गोव्याची ७०.३, तयारी कोल्हापुरात: मधल्या पावसाळ्याचं काय करायचं

गोव्याची आयर्नमॅन ७०.३ २०१९ मध्ये पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर सुरू झाली. १.९ किलोमीटर समुद्रात पोहणं, ९० किलोमीटर सायकल, २१.१ किलोमीटर धावणं. तारीख ऑक्टोबर किंवा नोव्हेंबरमध्ये पडते, आणि खरी गोम तिथेच आहे. शर्यतीपासून चोवीस आठवडे मागे मोजले की एप्रिलचा शेवट किंवा मे महिना येतो. म्हणजे तयारीचे मुख्य महिने जून ते सप्टेंबर. तेव्हा पंचगंगा पात्राबाहेर असते, तलाव गढूळ असतो आणि रस्त्यावरच्या पाण्याखाली खड्डा किती खोल आहे ते चाक आत गेल्यावरच कळतं. नेटवरचे तयार आराखडे युरोप-अमेरिकेच्या कोरड्या उन्हाळ्यासाठी लिहिलेले असतात. ते जसेच्या तसे उचलले तर उघड्या पाण्यातला सराव नेमका ऑगस्टमध्ये येतो.

म्हणून क्रम फिरवा. उघड्या पाण्यातलं पोहणं मार्च ते मे, पावसाळ्यात टँक (पोहण्याचा बांधीव तलाव) आणि घरातला ट्रेनर (सायकल जागच्या जागी चालवायचं यंत्र), ऑक्टोबरमध्ये ऊन आणि समुद्र.

आधी घड्याळाचं गणित. नेहमीची कटऑफ, म्हणजे वेळेची मर्यादा, अशी: पोहण्याला १ तास १० मिनिटं, एकूण ८ तास ३० मिनिटं. सायकलची मधली कटऑफ त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत बघा. पहिल्यांदा जाणाऱ्याने हा हिशेब धरावा: पोहणं १ तास, कपडे-बूट बदलणं १० मिनिटं, सायकल ताशी २४ च्या वेगाने ३ तास ४५ मिनिटं, पुन्हा बदल ६ मिनिटं, धावणं किलोमीटरला साडेआठ मिनिटांनी ३ तास. बेरीज ८ तास १ मिनिट. हातात २९ मिनिटं उरतात. एक पंक्चर आणि दोनदा शौचालय एवढीच ही शिल्लक आहे, ती पोहण्यात संपवू नका.

पाणी

२५ मीटरच्या टँकमध्ये १.९ किलोमीटर म्हणजे ७६ लांब्या. कटऑफ गाठायला १०० मीटरला ३ मिनिटं ४१ सेकंद पुरतात, पण टँकमधला आकडा समुद्रात टिकत नाही. तिथे भिंतीला ढकलून निघता येत नाही, आणि सरळ रेषेत न गेल्यामुळे सहज १००-२०० मीटर जास्त पोहणं होतं. टँकमध्ये १०० मीटरला ३ मिनिटांनी सलग २ किलोमीटर जमलं की निर्धास्त व्हा.

माणसं दमून कमी आणि घाबरून जास्त बाहेर पडतात. कारण साधं असतं: लाटेत श्वास रोखून धरला जातो, फुफ्फुसं भरलेलीच राहतात आणि 'श्वास पुरत नाही' असं वाटायला लागतं. उपाय श्वास सोडण्यात आहे. तोंड पाण्यात असताना बुडबुडे काढत पूर्ण सोडा. सुरुवातीला कडेला थांबा, पहिले २०० मीटर मुद्दाम हळू जा. ब्रेस्टस्ट्रोक चालतो. बचाव दलाच्या कयाकला धरून थांबणंही चालतं, फक्त तिच्या आधाराने पुढे सरकायचं नाही.

मार्च ते मे राजाराम तलावात आठवड्यातून एकदा, परवानगी घेऊन आणि पहाटेच. एका वेळी आठ-दहाच जण, प्रत्येकाच्या कमरेला केशरी फ्लोट (लांबून दिसणारी तरंगती पिशवी), आत जाताना आणि बाहेर येताना डोकी मोजायची, आणि शिट्टी घेतलेला एक जण पाण्याबाहेर. त्याने स्वतः पोहायचं नाही. हा नियम पहिला मोडतो, कारण त्यालाही पोहायचं असतंच. पाळी लावा. दर आठ-दहा हातांनंतर डोळे जेमतेम पाण्यावर काढून समोरची खूण बघा. पूर्ण डोकं वर काढलं की कंबर बुडते आणि ब्रेक लागल्यासारखं होतं.

पावसाळ्यात हाच सराव टँकमध्ये करता येतो. एका लेनमध्ये सहा जण सोडा, धक्के लागू द्या. सहा हात डोळे मिटून मारा: उघडल्यावर नेहमी डावीकडे गेलेले असाल तर समुद्रातही तिकडेच जाणार. नारळी पौर्णिमेला नारळ वाहिला म्हणून समुद्र लगेच पोहण्याजोगा होत नाही. ऑक्टोबरमध्ये मालवण किंवा वेंगुर्ल्याला दोन फेऱ्या करा, तिथल्या माणसांना प्रवाह विचारून. खाऱ्या पाण्याने मान आणि काखा सोलवटतात, व्हॅसलीन आधीच लावा. वेटसूटवर पैसे घालू नका, गोव्याचं पाणी त्यासाठी फार कोमट असतं.

सायकल

रोड बाइक पुरते. टीटी बाइकच्या (खास शर्यतीसाठीची महागडी सायकल) पैशात टँकची फी, ट्रेनर आणि चांगले टायर येऊन उरतात. पावसाळ्यात आठवड्यातले दोन दिवस ट्रेनरवर: १५ मिनिटं वॉर्मअप, मग ४ वेळा १० मिनिटं जोरात (दोन-चार शब्दच बोलता येतील इतकं), मध्ये ५ मिनिटं सैल. उघडीप मिळाली की पन्हाळा चढा, पण त्यावरच समाधान मानू नका. चढावर ताकद वाढते. तीन-साडेतीन तास न थांबता एकाच जोराने पेडल मारायची सवय कागल-निपाणीकडच्या हायवेवर लागते. पहाटे, पुढे-मागे दिवे लावून, आणि सर्व्हिस रोडवर उलट दिशेने कोणी येणारच हे धरून.

ओल्या रस्त्यावर काचा आणि तारा टायरला चिकटून आत घुसतात, म्हणून पंक्चर वाढतात. घरी आल्यावर टायरवरून ओला फडका फिरवा आणि रुतलेलं काढा. चेन पुसून, वाळवून मगच तेल. चिखलावर तेल घातलं तर त्याचा पॉलिशपेपर होतो आणि चेनसोबत कॅसेटही (मागच्या चाकावरच्या दात्यांचा संच) खातो. ब्रेक पॅड सप्टेंबरअखेर बदला. जवळ दोन ट्यूब, दोन टायर लिव्हर, छोटा पंप. ट्यूबचा व्हॉल्व रिमच्या खोलीएवढा लांब आहे का, हे घरीच तपासा.

गटाने सराव करण्याचा एक तोटाही आहे. सगळे एकमेकांचं चाक धरून जातात आणि ताशी ३० चा वेग आपला वाटू लागतो. शर्यतीत पुढच्याच्या मागे १२ मीटर अंतर ठेवावं लागतं, ओलांडायचं तर २५ सेकंदांत, नाहीतर दंड. शेवटचे दोन महिने लांबच्या राइडला दोन-दोन मिनिटांच्या अंतराने एकेकट्याने सुटा. पहिल्या दिवशी वेग ताशी तीन-चारने उतरेल. हिशेबात तोच धरा.

पोट

सायकलवर तासाला सुमारे ६० ग्रॅम कार्बोहायड्रेट लागतं. घरचं पेय: ७५० मिली पाणी, ४५ ग्रॅम साखर, पाव चमचा (दीड ग्रॅम) मीठ, अर्धं लिंबू. त्यात ४५ ग्रॅम कार्ब आणि सुमारे ५९० मिलिग्रॅम सोडियम मिळतं. तासाला एक बाटली आणि वर अर्धं-पाऊण केळं किंवा दोन-तीन खजूर. याहून घट्ट केलं तर पाणी शोषलं जाण्याऐवजी पोटात डुचमळत राहतं आणि धावताना उलटी होते. ओआरएस चालतं, पण लिटरला अख्खं पाकीट घातलं तर सोडियम १७०० मिलिग्रॅमच्या वर जातं. अर्धं पुरे.

पाणी किती? एक तास पळायच्या आधी आणि नंतर वजन करा. घटलेले किलो अधिक प्यायलेले लिटर हा तुमचा तासाचा घाम. त्याचा पाऊण हिस्सा परत प्या. वजन वाढलं असेल तर जास्त पिताय, आणि तेही धोक्याचं आहे.

आदल्या रात्री साधा भात, थोडं दही, बटाटा. तांबडा-पांढरा शर्यतीनंतर. पणजीत मासे समोर येतील, तेही नंतरच.

पाय आणि ऊन

सायकलनंतर लगेच धावणं, म्हणजे ब्रिक, ऑगस्टपासून दर शनिवारी: आधी ६० किलोमीटरनंतर २० मिनिटं, शेवटी ८० नंतर ८ किलोमीटर. पहिले दोन किलोमीटर पाय लाकडासारखे वाटतात आणि तरीही वेग जास्त पडतो. घड्याळ बघून आवरा. ९ मिनिटं पळून १ मिनिट चाला, पहिल्या किलोमीटरपासून. दमल्यावर चालायला सुरुवात केली तर पुन्हा पळणं होत नाही.

धावणं भर दुपारी आणि दमट हवेत येतं. शर्यतीआधीचे तीन आठवडे सकाळी साडेदहा-अकराला ४० ते ६० मिनिटं पळा, आठवड्यातून तीनदा. शरीराला सवय व्हायला १० ते १४ दिवस लागतात. बोलणं बरळल्यासारखं झालं किंवा उन्हात अंगावर काटा आला तर थांबा. बर्फ मागा, शौर्य नको. वय चाळिशीपुढे असेल तर ईसीजी आणि स्ट्रेस टेस्ट मे महिन्यातच करून घ्या.

आठवड्याला एकूण ८ ते ११ तास, दर चौथ्या आठवड्यात ६० टक्क्यांवर उतरा. चार आठवडे आधी गटाची रंगीत तालीम: १५०० मीटर, ७० किलोमीटर, १२ किलोमीटर. कुणाच्या तरी पार्किंगमध्ये ट्रान्झिशन (कपडे-बूट बदलायची जागा) मांडा, पाण्याचं टेबल घरच्यांकडे द्या. हेल्मेटचा पट्टा लावल्याशिवाय सायकलला हात लावायचा नाही, ही सवय तिथेच लागते. शेवटचे दोन आठवडे व्यायाम आधी ४० आणि मग ६० टक्क्यांनी कमी करा.

आजरा-आंबोलीमार्गे जाताना सायकल डिरेलरच्या (मागे चेन गिअरवर सरकवणाऱ्या भागाच्या) बाजूवर आडवी ठेवू नका. पोचल्यावर सगळे गिअर एकदा फिरवून बघा, हँगर (डिरेलर ज्याला लटकतो तो तुकडा) जरा वाकला तरी चेन स्पोकमध्ये जाते. आणि शर्यत केलेल्या कुणी त्याच रात्री घाट चढत गाडी चालवायची नाही. ड्रायव्हर वेगळा न्या.