डिटेक्टरने सोन्याचे बारीक खडे शोधताय? मग या चुका टाळा

हौसेने मेटल डिटेक्टर (धातू शोधायचं यंत्र) घ्यायचा, पहिल्या आठवड्यात गंजके खिळे काढून कंटाळायचं आणि महिन्याभरात ‘या भागात काही उरलेलं नाही’ म्हणत यंत्र माळ्यावर टाकायचं. हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता स्पष्ट लिहायलाच हवं. बहुतेक वेळा जागा बरी असते, यंत्रही बरं असतं. नडते ती घाई.

१९८० साली ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात, किंगोवरजवळ, डिटेक्टरने सुमारे २७ किलोचा ‘हँड ऑफ फेथ’ नावाचा सोन्याचा गोळा सापडला. नवा माणूस हीच गोष्ट डोक्यात घेऊन रानात उतरतो आणि दणदणीत आवाजाची वाट बघत राहतो. प्रत्यक्षात आपल्या हाती लागणारा खडा बहुधा अर्ध्या ग्रॅमच्या आतला, कित्येकदा तांदळाच्या दाण्याहूनही लहान असतो. त्याचा आवाज दणदणीत नसतो. हेडफोनमधल्या संथ गुणगुणीवर उठलेला तो एक बारीकसा तरंग असतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे डिस्क्रिमिनेशन, म्हणजे लोखंडाचे आवाज गाळून टाकणारी सोय, चालू ठेवणं. जुन्या खाणींच्या परिसरात खिळे, पत्र्याचे तुकडे, तारा यांचा नुसता सडा असतो. पहिल्या वर्षी अशाच एका उतारावर दुपारपर्यंत खिळेच खिळे काढून मी वैतागलो आणि डिस्क्रिमिनेशन चालू केलं. लगेच सगळं शांत झालं. संध्याकाळपर्यंत शिशाचे दोन छर्रे मिळाले, आणि पट्टा रिकामा आहे अशी माझी खात्री पटली. दुसऱ्या दिवशी माझ्याबरोबरचे एक जुने जाणते काका त्याच पट्ट्यावर उतरले. माझ्या बुटांचे ठसे अजून दिसत होते. त्यांनी लहान कॉइल (जमिनीवरून फिरवायची चकती) लावली होती आणि डिस्क्रिमिनेशन पूर्ण बंद ठेवलं होतं. चादरीएवढ्या जागेतून त्यांनी तीन खडे काढले.

तिसरा काढण्याआधी त्यांनी मला हाक मारली. म्हणाले, “खणू नकोस, आधी तुझं यंत्र फिरव.” कालच्याच सेटिंगवर मी कॉइल फिरवली. तुटक, घशात अडकल्यासारखा आवाज आला, अगदी खिळ्यासारखा. मग डिस्क्रिमिनेशन बंद करून फिरवली, तर तोच सिग्नल बारीक पण दोन्ही बाजूंनी सारखा आला. चार बोटं खोलीवर ०.६ ग्रॅमचा खडा निघाला. आदल्या दिवशी त्याच्यावरून मी किमान दोनदा गेलो असणार. ती बोच अजून गेलेली नाही.

कारण साधं आहे. सिग्नल कोणत्या फेजमध्ये, म्हणजे पाठवलेल्या लहरीच्या किती मागे, परत येतो त्यावरून यंत्र धातू ओळखतं. लोहयुक्त मातीत मातीचाच प्रतिसाद इतका मोठा असतो की त्यात मिसळलेला बारीक खड्याचा प्रतिसाद लोखंडाच्या बाजूला ओढला जातो. यंत्र खोटं बोलत नसतं, त्याला एवढंच कळतं. म्हणून माझी सवय अशी की शंका आली की बुटाने वरची दोन बोटं माती बाजूला सारायची आणि पुन्हा ऐकायचं. आवाज सुधारला तर खणायचं. कुदळीच्या दांड्याला मी एक जोरकस चुंबक बांधून ठेवलंय. ते बाजूला सारलेल्या मातीवरून फिरवलं की निम्मे प्रश्न तिथेच सुटतात. खिळे काढायचा कंटाळा असेल तर सोन्याच्या वाटेला जाऊ नये, हे मी तोंडावर सांगतो.

दुसरी चूक याहून वाईट, कारण इथे सोनं सापडलेलं असतं आणि मग हरवतं. सिग्नल येतो, माणूस दोन घाव घालतो, आवाज नाहीसा होतो, आणि ‘हॉट रॉक असेल’ म्हणून तो पुढे निघून जातो. हॉट रॉक म्हणजे आजूबाजूच्या मातीपेक्षा वेगळ्या खनिजांचा, फसवा आवाज देणारा दगड. असे दगड असतात हे खरं, पण दगड हातात घेऊन कॉइलवरून फिरवल्याशिवाय तसं ठरवू नये. सोन्याची घनता १९.३, साध्या वाळूची जेमतेम २.६५. माती मोकळी झाली की खडा खाली सरकतो. चपटा असेल तर उभा राहतो आणि आवाज निम्म्यावर येतो. नाहीतर तो उकरलेल्या ढिगात गेलेला असतो.

मी आधी खड्डा पुन्हा तपासतो, मग ढीग. आवाज ढिगात असेल तर प्लॅस्टिकच्या डब्यात मूठभर माती घेऊन ती जमिनीवर आडव्या ठेवलेल्या कॉइलवरून फिरवायची. वाजली की निम्मी दुसऱ्या हातात घ्यायची. जी निम्मी गप्प राहील ती टाकायची, वाजेल ती पुन्हा निम्मी करायची. हातात अंगठी किंवा घड्याळ नको, बुटाच्या टाचेत लोखंड नको. शेवटची चिमूट मी सरळ कॉइलच्या पाठीवर हळूहळू ओततो. खडा पडला की कानात टपकन वाजतं. यात पाच मिनिटं जातात, आणि ती वाचवणाऱ्यांचं सोनं त्यांच्याच ढिगात राहतं.

यंत्राची निवड: नाणी शोधायच्या कमी फ्रिक्वेन्सीच्या यंत्राने बारीक सोनं शोधू नका. फिशरचं गोल्ड बग २ हे ७१ किलोहर्ट्झवर चालतं, माइनलॅबचं गोल्ड मॉन्स्टर १००० हे ४५ वर, आणि ते उगाच नाही. खूप लोहयुक्त लाल माती असेल तर पल्स इंडक्शनचं, म्हणजे सलग लहरीऐवजी थांबून थांबून झटके पाठवणारं, यंत्र बरं.

मोठी कॉइल खोल जाते, पण बारीक खड्याकडे दुर्लक्ष करते.

सेन्सिटिव्हिटी शेवटपर्यंत चढवू नका. यंत्र सतत किरकिरत असेल तर तुम्हाला काहीच ऐकू येणार नाही. किरकिर थांबेपर्यंत खाली आणा.

ग्राउंड बॅलन्स, म्हणजे यंत्र मातीशी जुळवून घेणं, सकाळी एकदा करून भागत नाही. मातीचा रंग बदलला की पुन्हा करा.

कॉइल जमिनीला जवळजवळ घासत, सपाट फिरवा. झोक्याच्या टोकाला ती वर उचलली जाते आणि तिथली खोली फुकट जाते. प्रत्येक झोका आधीच्या झोक्यावर निम्मा चढवायचा. वेग म्हणाल तर मी एका पावलाला तीन झोके घेतो.

खोटे आवाज येत असतील तर आधी कॉइलची केबल दांड्याला घट्ट गुंडाळली आहे का पाहा, मग कॉइलचं कव्हर काढून आतली काळी, लोहयुक्त वाळू झटका, आणि मोबाइल खिशातून काढून बॅगेत बंद करून ठेवा.

एक खडा मिळाला की नाचत पुढे पळू नका. सोनं सहसा एकटं नसतं. त्या जागेभोवती खुणा करा, वरची माती थराथराने खरवडा, कातळ लागला तर त्याच्या भेगा पातळ हुकाने उकरा. मातीचा प्रत्येक थर निघाला की पुन्हा ऐका.

जागेच्या मालकाची आणि सरकारची परवानगी आधी घ्या, आणि खड्डे बुजवल्याशिवाय निघू नका. उघड्या खड्ड्यात जनावराचा पाय मोडतो, आणि मालक पुढच्या माणसाला आत येऊ देत नाही.